पेट्रोल नक्की कुठं अडलंय?

मंडळी, नमस्कार. मघाशी ओळख करून देताना मला 'तज्ज्ञ' म्हटलं गेलं, तेवढं तुम्ही विसरून जा. रत्नागिरीकडच्या पालीच्या नाक्यावर पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं, एवढंच आहे. हातखंब्याकडून आंबा घाटाकडे जाणारी प्रत्येक गाडी माझ्या दारावरून जायची आणि घाटाला भ्यायलेली दारातच बसायची. त्यामुळे शिकायला मिळालं. शिकवायला कोणी नव्हतं, गाड्या मात्र भरपूर होत्या.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. बाहेर आवारात गुरुजींची पांढरी मारुती ८०० उभी आहे, कार्बोरेटरवाली, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेली. त्यांच्या परवानगीनं मघाशी आम्ही तिच्या टाकीच्या अगदी तळातलं लिटरभर पेट्रोल नळीनं ओढून लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत घेतलं. झाकण लावून बरणी मागच्या पडवीत सावलीला ठेवलीय. इथं टेबलावर आणली नाही, कारण बंद खोलीत पेट्रोल नको. तिला निवांत बसू द्या. बोलणं झालं की बघू.

गुरुजींची तक्रार काय? गाडी बाजारापर्यंत नीट जाते, चढणीला लागली की आचके देते. त्यावर आत्तापर्यंत काय काय झालं? प्लग बदलले, वायरी बदलल्या, कार्बोरेटरचा पूर्ण किट टाकला. गाडी आहे तशीच. मी त्यांना विचारलं, "गुरुजी, हे सगळं करायच्या आधी कोणी तुम्हाला विचारलं का, की आचके नेमके कधी देते?" नाही म्हणाले. आजचं माझं बोलणं या 'कधी'बद्दलच आहे. पाना हातात घ्यायच्या आधी 'कधी' विचारायचं. सकाळी थंड असताना की तापल्यावर? स्लोला की रेस दिल्यावर? सपाटीला की चढावर? टाकी भरलेली असताना की रिझर्व्हवर? गाडी बोलत नाही असं लोक म्हणतात. बोलते. आपण लगेच बॉनेट उघडतो आणि तिचं बोलणं ऐकूनच घेत नाही.

आता दुसरा प्रश्न. बिघाड पेट्रोलचा की करंटचा, म्हणजे ठिणगीचा? जुन्या मेस्त्री लोकांत म्हणायचे, कार्बोरेटरचे निम्मे आजार डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागात असतात. आपल्याकडे पावसाळ्यात तर नक्कीच. आषाढातल्या सर्दीनं डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आतून घाम धरतो, गाडी मिसिंग मारते, आणि माणूस कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, फुंकत बसतो. फरक कसा ओळखायचा? करंट गेला की गाडी टप्प करून मरते, दिव्याचं बटण बंद केल्यासारखी. पेट्रोल संपत आलं की तशी मरत नाही. आधी ओढ कमी होते, मग एक आचका, मग जरा सावरते, पुन्हा दोन आचके, असं करत करत बसते. दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी. हा फरक एकदा कानात बसला की निम्मं काम झालं.

आणि एक बिनखर्चाची परीक्षा. गाडी आचके देत असताना चोक थोडा ओढा. चोक ओढला की हवा कमी होते, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. तेवढ्यानं गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडत होतं किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत येत होती. उलट आणखी बिघडली, काळा धूर टाकायला लागली, तर पेट्रोल आधीच जास्त होतंय. प्लग काढून बघितलात तरी हेच कळतं. टोक पांढरं पडलेलं असेल तर उपाशी, काजळी धरलेलं असेल तर ओव्हरफ्लो, आणि चहाच्या रंगाचं असेल तर तिकडे बोट लावू नका.

समजा पेट्रोलच कमी पडतंय. मग पेट्रोलच्या वाटेनं चालायचं, टाकीपासून. बहुतेक लोक कार्बोरेटरपासून सुरू करतात, कारण तो समोर दिसतो आणि त्याला स्क्रू असतात. स्क्रू दिसला की माणसाचा हात शिवशिवतो. पण कार्बोरेटर हे पेट्रोलचं शेवटचं घर आहे. तिथवर पोचतंय की नाही ते आधी बघा.

टाकीची एक गोष्ट सांगतो. नाणिजच्या बाजूला एकांची पद्मिनी मोटार होती. ती दर वेळी एकाच वडाखाली बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की चालू व्हायची, आणि पुढे पुन्हा कुठेतरी बसायची, पण पहिलं ठिकाण तो वडच. आता आपल्याकडे काय होतं तुम्हाला ठाऊक आहे. जागा वाईट आहे, राखणदाराला काही द्यायचं राहिलंय. नारळ ठेवून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. गाडीतला पेट्रोल ओढणारा पंपही नवा टाकून झाला. मग ते माझ्याकडे आले. मी विचारलं, "काका, घर ते वड किती वेळ लागतो?" म्हणाले, वीसेक मिनिटं. म्हटलं, आज घरून निघू नका, माझ्याकडून निघा, उलट्या दिशेनं. गेलो. वीस मिनिटांनी गाडी बसली, तिथं वडही नव्हता आणि राखणदारही नव्हता. मी उतरून मागे गेलो आणि टाकीचं झाकण उघडलं. सूंऽऽ करून हवा आत गेली. गाडी एका स्टार्टरला चालू.

झालं होतं असं, की टाकीतलं पेट्रोल जितकं जातं तितकी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला भोक असतं किंवा बाजूनं एक बारीक नळी असते. ती बुजली, की टाकीत पोकळी धरते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. दहा मिनिटं थांबलं की फटीफटीतून थोडी हवा शिरते, म्हणून गाडी पुन्हा चालते. आणि ती नळी बुजवली कुणी? कुंभारमाशीनं. ओल्या मातीचं सुबक घर बांधून ठेवलं होतं तोंडाशी. टाचणीनं निघालं. काकांनी मला काही दिलं ते दिलंच, पण वडाचा नारळही चालू ठेवला. मी काही बोललो नाही. नारळानं गाडीचं नुकसान होत नाही.

तेव्हा गाडी बसली की पहिलं काम झाकण उघडून कान देणं. याला पैसे लागत नाहीत.

टाकीनंतर पाइप. इथं एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप हा ओढणारा पाइप आहे. त्याला चीर गेली तर पेट्रोल गळेलच असं नाही, त्यातून हवा आत ओढली जाते. खाली थेंब नाही, वास नाही, आणि पंप नुसती हवा पितोय. पंपाच्या पुढचा पाइप ढकलणारा, तो फुटला तर गळतो आणि दिसतो. म्हणून न दिसणारा बिघाड नेहमी पंपाच्या मागच्या बाजूला शोधावा. रबराच्या जोडावर बोट फिरवा, वाकवून बघा, उन्हानं चिरा पडलेल्या असतात. गणपती आणि शिमग्यालाच चालणाऱ्या, बाकी वर्षभर गावच्या पडवीत उभ्या असलेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांचे पाइप तर उंदीरही कुरतडतात. क्लिप सैल असली तरी तेच. दोन रुपयाच्या क्लिपपायी मी इंजिनं खोललेली बघितली आहेत.

आता पंप. जुन्या गाडीत तो इंजिनाच्या अंगाला असतो, आत कॅम त्याचा दांडा हलवतो, आणि रबरी डायफ्राम, म्हणजे पडदा, वरखाली होतो. त्याचा जोर किती? तीन-चार पौंड. टायरमध्ये आपण तीस पौंड हवा भरतो, त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणून जराशा अडथळ्यानं तो हरतो. परीक्षा अशी: ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलची मुख्य वायर काढून अर्थ करून, म्हणजे गाडीच्या पत्र्याला टेकवून ठेवा, म्हणजे कुठे ठिणगी उडणार नाही. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा. इंजिन थंड असू द्या, आणि विडीवाल्याला लांब पाठवा. एकाला स्टार्टर मारायला सांगा. पेट्रोल ठोके देत, जोरात, दर ठोक्याला पिचकारीसारखं आलं पाहिजे. नुसतं ओघळत आलं किंवा बुडबुडे घेऊन आलं, तर अडचण पंपात किंवा त्याच्या मागे आहे. आणि भरपूर आलं, तर पंप, पाइप, टाकी तिघंही निर्दोष. मग खुशाल कार्बोरेटरकडे जा.

डायफ्राम फाटला की आणखी एक वाईट गोष्ट होते. पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक ओढून वास घ्या. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खुश होऊ नका, ते पेट्रोल आहे. तशी गाडी पुढे चालवायची नाही, बेरिंगं जातील.

कार्बोरेटरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांनाच फार माहिती असते. स्लोला बंद पडते पण रेसवर चांगली चालते, तर स्लो जेट बुजलाय. स्लोला गोड आणि चाळीसच्या पुढे उपाशी, तर मेन जेट किंवा फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीची, पातळी. पाय दाबल्या दाबल्या एक क्षण गळाठते आणि मग उचलते, तर कार्बोरेटरातलाच छोटा अ‍ॅक्सिलरेटर पंप. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर त्याला भोक आहे, तो बुडतो आणि ओव्हरफ्लो करतो. आणि जेट साफ करायला तार घालू नका हो. भोक मोठं होतं आणि गाडी आयुष्यभर पेट्रोल खाते. हवा मारा.

घाटातला एक प्रकार मात्र सांगायलाच हवा. मे महिना, भर दुपार, गाडीत सात माणसं आणि वर आंब्याच्या पेट्या. आंबा घाटात चढताना गाडी बसते. थंड झाली की चालू होते. हे पाइपातलं पेट्रोल उकळतंय. पंपाला पेट्रोल ढकलता येतं, त्याची वाफ ढकलता येत नाही. ओलं फडकं पंपावर आणि पाइपावर टाका, पाच मिनिटांत चालू झाली तर हेच. मग पाइप इंजिनाच्या तापल्या अंगापासून लांब बांधा. मध्यंतरी घाटात प्रत्येक गाडीला लोक कपड्याचे चिमटे लावायचे पेट्रोल पाइपला. का लावायचे ते मला अजून पटलेलं नाही, पण लावल्यावर गाडी चालली असं सांगणारे शंभर भेटले. थांबल्यामुळे चालली, चिमट्यामुळे नाही.

इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबानं फवारणाऱ्या गाड्यांचं वेगळं. २००० च्या आसपास कार्बोरेटर गेले, पंप टाकीत गेला, जोर तीन-चार पौंडांवरून चाळीसच्या घरात गेला. चावी फिरवली की मागून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते. नाही आली, तर आधी फ्यूज आणि रिले बघा, पंप नंतर. आणि तिथं पाइप असाच ओढून काढू नका. चाळीस पौंडांची पिचकारी डोळ्यात जाते.

कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, "इथेनॉलमुळे जुन्या गाड्या बिघडतात का?" वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला साडेचौदा किलोच्या वर हवा लागते, इथेनॉलला नऊ किलोच पुरते. जेट जुना तोच राहिला, तर त्याच भोकातून तेवढंच येतं आणि गाडी थोडी उपाशी राहते. नीट जुळवलेल्या गाडीला जाणवतही नाही, आधीच कडेवर असलेली आचके देऊ लागते. जुनं रबर फुगतं, म्हणून पाइप आणि डायफ्राम एकदा बदलून टाका. आणि इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवून पुढे पाठवतं, तेव्हा सुरुवातीला फिल्टर दोनदा बदला. फिल्टरवरचा बाण पेट्रोल जाईल त्या दिशेनं. उलटा लावलेला मी दर पावसाळ्यात एक तरी बघतो.

आणखी एक. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. आपल्या हवेत पावसाळाभर टाकी अर्धी रिकामी ठेवली, की वरच्या मोकळ्या पत्र्यावर दव धरतं, ते इथेनॉल पितं, आणि पाण्याचं प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा गाड्यांच्या टाक्यांतून मी काय काय काढलं ते विचारू नका. वर पेट्रोल, खाली गढूळ पाणी. पण पूर यावाच लागतो असं नाही. वर्षभर उभी राहिलेली गाडीही पुरेशी आहे.

चला, बरणी आणा हो कोणी. पडवीतच धरा, आत नको, आपण दारातून बघू. हलवू नका. बघा, वरचं पेट्रोल स्वच्छ आहे. खाली बोटभर काय दिसतंय? वेगळा थर, जरा धुरकट, आणि त्याच्याखाली तांबडी भुकटी. ती टाकीचा गंज. गुरुजी, हे तुमच्या टाकीच्या तळाशी होतं, आणि चढणीला टाकीतलं सगळं मागे सरलं की नळीच्या तोंडाशी हेच येत असावं. फिल्टर अजून काढायचाय, तोही भरलेला निघेल असा माझा अंदाज आहे. आधी टाकी उतरवू, धुऊ, सुकवू, मग फिल्टर, मग पंपाची बाटलीची परीक्षा.

काय म्हणालात? कार्बोरेटरच्या किटचे पैसे? ते गेले, गुरुजी.