दारात शिकलेली भाषा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘परदेशातील तरुण मॉर्मन मिशनरी : दिनचर्या आणि अध्यापन’ असा छापला आहे. त्यातला ‘अध्यापन’ हा शब्द माझ्या आग्रहाने आला. पुण्यात तीस वर्षे जपानी शिकवून मी निवृत्त झाले. पण मला वर्गात जे कधी साधले नाही ते एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना लोकांच्या दारात उभे राहून साधताना मी पाहिले, आणि ती बोच अजून गेलेली नाही.

हे मी जपानमधल्या ओकायामा शहरात पाहिले. ओकायामा म्हटल्यावर तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोळ्यांपुढे सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यानाची हिरवळ आली असेल. ती ज्या कोराकुएन उद्यानावरून बेतली, तिथून सायकलने वीस मिनिटांवर १९९० ते १९९२ या काळात आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. यजमान दिवसभर प्रयोगशाळेत असत आणि मी शब्दकोश घेऊन घरी. दुसऱ्याच महिन्यात एका संध्याकाळी घंटा वाजली. दारात पांढरे सदरे, टाय, डोक्यावर सायकलची शिरस्त्राणे आणि छातीवर काळी पट्टी अशा थाटात दोन अमेरिकन मुलगे उभे होते. पट्टीवर आडनावापुढे ‘चोरो’ असे लिहिलेले होते. इंग्रजीतल्या ‘एल्डर’चे हे जपानी रूप असून त्याचा शब्दशः अर्थ वयोवृद्ध, ज्येष्ठ असा होतो, मठातल्या ऐंशी वर्षांच्या भिक्षूला तो शोभावा. इथे तो मिसरूडही न फुटलेल्या पोरांना लावलेला होता. मराठी कानाला तो कसा लागतो हे वेगळे सांगायला नको. आमच्या घरात पुढे दोन वर्षे ‘आज चोर येऊन गेले का?’ असाच प्रश्न विचारला जाई.

‘मॉर्मन’ हे लोकांनी पाडलेले नाव आहे, हेही सांगून ठेवते. न्यूयॉर्क राज्यात १८३० मध्ये स्थापन झालेल्या आणि आज अमेरिकेतल्याच सॉल्ट लेक सिटीत मुख्यालय असलेल्या या ख्रिस्ती धर्मसंस्थेचे खरे नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे, आणि जुने टोपणनाव वापरू नये असे तिचे नेतृत्व २०१८ पासून आवर्जून सांगते. एवढे लांब नाव प्रत्येक वाक्यात घेतले तर व्याख्यान तिथेच संपेल, म्हणून त्यांची क्षमा मागून मी छोटे नाव वापरते. पुण्याला ही मंडळी अगदीच अनोळखी नाहीत. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचे त्यांचे मिशनरी मुंबईत उतरले आणि तिथून आपल्या पुण्यात येऊन त्यांनी काही काळ काम केले. पण तो विषय काढला तर ओकायामा राहून जाईल.

या मुलांचा दिवस असा असे. पहाटे साडेसहाला उठायचे, व्यायाम, न्याहारी, आठ वाजता एकट्याने धर्मग्रंथाचे वाचन, नऊ वाजता जोडीदारासह अभ्यास, त्यातच भाषेची घोकंपट्टी, आणि दहाच्या सुमारास सायकली घेऊन बाहेर. रात्री साडेनऊपर्यंत दारोदार किंवा कुणाकडे पाठ, आणि साडेदहाला दिवे बंद. दूरदर्शन नाही, वर्तमानपत्र नाही, मुलींशी मैत्री तर नाहीच. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणे यांसाठी मोकळा. आईशी फोनवर बोलणे वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. दर आठवड्याला बोलण्याची मुभा २०१९ मध्ये मिळाली. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची, आणि खर्च ज्याचा त्याने किंवा घरच्यांनी उचलायचा. कुठल्या देशात जायचे हे मात्र मुख्यालय ठरवते. ज्याने शाळेत स्पॅनिश घेतली त्याला जपानमधल्या साप्पोरोला धाडले जाते आणि तो आनंदाने जातो, हे पाहून बदलीचा हुकूम हातात पडताच रजेचा अर्ज लिहिणारे आमचे प्राध्यापक मला आठवत.

सगळ्यांत कडक नियम जोडीचा. झोप आणि स्नान सोडले तर जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे बुद्धवचन आकाशवाणीमुळे आपल्याला पाठ आहे. त्याच उपदेशात पुढे ‘मा एकेन द्वे अगमित्थ’, म्हणजे एका वाटेने दोघे जाऊ नका, असे भिक्षूंना सांगितले आहे. येशूने मात्र शिष्यांना दोघादोघांनी पाठवले. माणसे थोडी आणि मुलूख मोठा असेल तर बुद्धाचा हिशेब बरोबर आहे. पण परकी भाषा शिकायची असेल तर येशूचा. आपण आत्ता काय चुकलो हे जिना उतरता उतरता सांगणारे कुणीतरी सोबत लागते.

दुसऱ्या एका नियमाने माझा फायदा झाला. घरात एकटी स्त्री असेल तर या मुलांनी आत जायचे नाही. यजमान संध्याकाळी उशिरा परतत, त्यामुळे आमचा सारा संवाद गेन्कानमध्येच होई. गेन्कान म्हणजे जपानी घराची पादत्राणे काढण्याची जागा. आपल्या ओसरीहून लहान, पण उंबऱ्याहून थोडी मोठी. माझा लाडका सिद्धान्त तिथेच जन्मला : परकी भाषा दारात शिकली जाते, आणि दारातला पहिला धडा नकार ओळखण्याचा असतो.

त्यामागचा प्रसंग असा. जोडीतला धाकटा मुलगा येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. आमच्या समोर एक आजीबाई राहत. त्यांच्या दारात त्याने पाठ केलेले निवेदन अतिशय शुद्ध उच्चारांत म्हणून दाखवले. आजीबाईंनी शांतपणे ऐकून घेतले, कमरेत वाकल्या आणि हसून म्हणाल्या, ‘केक्को देसु.’ कोशात ‘केक्को’चा पहिला अर्थ ‘उत्तम’. मुलाचा चेहरा उजळला. तो खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. एक बूट निघाला. आजीबाईंनी हसू न ढळू देता पुन्हा सांगितले, ‘केक्को देसु.’ दुसराही बूट निघाला. जोडीदार मागून त्याचा कोट ओढत होता, मी माझ्या दारात ओढणीने तोंड दाबून उभी होते, आणि आजीबाईंना तिसऱ्यांदा ते म्हणावे की पोराला आत घेऊन फळ कापून द्यावे, हे कळेना. कारण ‘केक्को’चा दुसरा अर्थ ‘नको, पुरे’ असा आहे, आणि दारात उभ्या असलेल्या माणसासाठी तोच पहिला. आपल्या ‘बघू’चा हा सख्खा भाऊ. ‘बघू’ म्हणजे पाहण्याची क्रिया असे समजून एखादा परदेशी माणूस आपल्या दारात वाट पाहत बसला, तर दोष कोशाचा की त्याचा?

पुढच्या सहा महिन्यांत त्याने नकारांचा संग्रहच केला. ‘आमच्याकडे बौद्ध धर्म आहे’, ‘सध्या गडबडीत आहे’, ‘आमचे भागते आहे’. हे शेवटचे खरे तर फिरत्या विक्रेत्यांसाठीचे. कोणता नकार कायमचा आणि कोणता केवळ भात शिजत असल्यामुळे, हे तो स्वरावरून सांगू लागला. ही जाण माझ्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना नसे; जपानी माणूस त्यांना कधी ‘नको’ म्हणालाच नव्हता.

त्याच्या शब्दसंग्रहाचा तोल मात्र पार गेलेला होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पैगंबर, पश्चात्ताप, पुनरुत्थान हे शब्द तोंडपाठ. पण झारा, खिळा, दाढदुखी यांचा पत्ता नाही. दाढ ठणकली तेव्हा त्याने दंतवैद्याला गंभीरपणे सांगितले की माझ्या दाताचा छळ चालला आहे, आणि ‘छळ’ हा शब्द त्याने संतांच्या चरित्रातला वापरला.

ओकायामाहून परतल्यावर मी जिथे शिकवत होते तिथे एक सूचना मांडली. शहरात आणि चाकणच्या बाजूला कारखान्यांमुळे जपानी कुटुंबे येऊ लागली होती. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी परवानगी घेऊन, दोघादोघांच्या जोडीने, त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जावे; भाजीबाजार, गॅसची नोंदणी, डॉक्टर, जिथे लागेल तिथे मदत करावी आणि परत येऊन चुका लिहाव्यात. समितीने सूचना फार आवडल्याचे सांगितले, आणि मग एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, ‘पण हजेरी कुठे मांडायची?’ तीन बैठका त्या हजेरीवर गेल्या. चौथ्या बैठकीत मला ‘बघू’ असे उत्तर मिळाले, आणि मी बूट काढले नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि कबूल केलेले अध्यापन अजून सुरूच झालेले नाही, तेव्हा ते भरभर सांगते.

युटा राज्यातील प्रोव्हो येथे त्यांचे प्रशिक्षण केंद्र आहे. जपानीसारख्या भाषेसाठी तिथे जेमतेम दोन महिने मिळतात. पहिल्या एक-दोन दिवसांतच मोडक्यातोडक्या शब्दांत प्रार्थना करायला लावतात. व्याकरण मागून येते. जेवतानाही शक्यतो शिकायची भाषाच बोलायची. माझ्या ओळखीच्या जोडीकडे चित्रांच्या तक्त्यांसह सहा पाठ होते. प्रत्येक पाठात थोडे सांगायचे, मग ‘याबद्दल तुम्हाला काय वाटते?’ असे विचारून गप्प बसायचे, आणि शेवटी एखादी छोटी गोष्ट कबूल करून घ्यायची : ही दोन पाने वाचाल का, रविवारी याल का. पुढच्या भेटीची सुरुवात त्या कबुलीपासून. २००४ मध्ये नवे मार्गदर्शक पुस्तक आले, तेव्हा ठरीव पाठांतराऐवजी समोरच्या माणसाच्या गरजेप्रमाणे पाठ रचण्यावर भर दिला गेला. शहरात ते फुकट इंग्रजी संभाषणाचे वर्गही घेत, आणि खरे सांगायचे तर लोक त्यांनाच अधिक जात.

या पद्धतीत दोषही आहेत. कबुली मागण्याची सवय दडपणाकडे झुकते. दर आठवड्याला तास, पाठ आणि बाप्तिस्मे यांचे आकडे वर कळवायचे असत, आणि आकडा एकदा डोक्यात शिरला की माणूस मागे पडतो. १९६० च्या आसपास इंग्लंडमध्ये बेसबॉल खेळायला जमवलेल्या पोरांचे घाईघाईने बाप्तिस्मे उरकल्याचा इतिहास त्यांचेच अभ्यासक सांगतात.

जपानपुरता जुना दाखला द्यायचा तर १९०१ चा. त्या वर्षी हीबर ग्रँट हे चव्वेचाळीस वर्षांचे वरिष्ठ धर्मनेते तीन सहकाऱ्यांसह योकोहामाला उतरले. त्यांना भाषा काही वश झाली नाही आणि १९०३ मध्ये ते परतले. त्यांच्यासोबतचा आल्मा टेलर नुकताच एकोणीस वर्षांचा झालेला होता. तो आठ वर्षांहून अधिक काळ राहिला, आणि त्यांच्या धर्मग्रंथाचे त्याने केलेले जपानी भाषांतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. बोलीभाषेऐवजी त्याने अखेर ग्रांथिक जपानी निवडली, आणि ते योग्य होते का, यावर मला बरेच बोलायचे होते. १९२४ मध्ये ते मिशन बंद झाले तेव्हा तेवीस वर्षांतले बाप्तिस्मे दोनशेच्या आत होते; बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा संस्थेचे अध्यक्ष हेच ग्रँट होते. टेलरची भाषा मात्र, बाप्तिस्म्यांच्या हिशेबाने पाहिले तर वाया गेली आणि माझ्या हिशेबाने पाहिले तर मुळीच नाही.

अध्यक्ष उठून उभे राहिले आहेत, म्हणून शेवटची भेट तेवढी सांगते. १८३३ पासूनच्या त्यांच्या आहारनियमात चहा वर्ज्य आहे, जपानचा हिरवा चहासुद्धा. दोन वर्षे मी त्यांना जवाचा काढा देत आले होते. धाकटा मुलगा निरोप घ्यायला आला तेव्हा यजमान घरी होते, त्यामुळे प्रथमच तो आत येऊन बसला. मी आमच्यासाठी आल्याचा चहा टाकला होता. सवयीने मी त्याच्यापुढेही कप धरला. तो किंचित वाकला आणि ‘केक्को देसु’ म्हणाला, ते इतक्या गोड आणि इतक्या जपानी स्वरात की माझ्या हातून चहा ओतला गेला.