ईडी, शिडी आणि चाळीस मिनिटं

[डेट्रॉइट, ३१ मार्च २०२४. सामना संपलाय. रिंगखाली शिडी लावलेली.]

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची एक रीत आहे. मोठी फेरी जिंकली की खेळाडू एकेक करून शिडी चढतात आणि रिंगच्या जाळीचा एक तुकडा कात्रीने कापून घेतात. परड्यू विद्यापीठाच्या झॅक ईडीची पाळी आली, तेव्हा त्याला शिडी लागलीच नाही. जमिनीवर उभं राहून त्याने हात वर केला आणि जाळी कापली. रिंग असते दहा फुटांवर. ईडी आहे सात फूट चार इंच.

हो, आडनाव ईडीच आहे. हसून घ्या, मग पुढे जाऊ.

एवढी उंची असल्यावर काय कठीण? चार वर्षं त्याला हेच ऐकावं लागलं. पण कॅनडातल्या टोरंटोत वाढलेला हा मुलगा आधी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा. बास्केटबॉलकडे वळला तो थेट दहावीच्या सुमारास. २०२० मध्ये इंडियाना राज्यातल्या परड्यूत आला, तेव्हा नव्या खेळाडूंच्या राष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक चारशेच्याही मागे होता.

[सरावाची दृश्यं. बुटांचा करकर आवाज.]

सेंटर म्हणजे रिंगखालचा गडी. पाठीवर धक्के झेलत जागा धरायची, चेंडू आला की वळायचं, हुकला तर उसळलेला चेंडू पुन्हा पकडायचा. आणि लगेच कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला धावायचं. तेही जवळजवळ १३५ किलोंचं शरीर घेऊन! सामना ४० मिनिटांचा. पहिल्या वर्षी ईडी सरासरी १५ मिनिटं टिकला, दुसऱ्या वर्षी १९, तिसऱ्या वर्षी ३२. उंची तिन्ही वर्षं तीच होती.

तिसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. आणि त्याच मार्चमध्ये, कॉलेज संघांच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत, नाचक्की झाली. अव्वल मानांकित परड्यूला सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाने ६३-५८ असं घरी पाठवलं. हा संघ त्या वर्षी पहिल्या श्रेणीतला सर्वांत बुटका! त्यांनी ईडीला पुढून-मागून असं घेरलं, की चेंडू त्याच्यापर्यंत पोचेना. बाहेरून परड्यूने तीन गुणांचे २६ फटके मारले, पडले ५.

एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, रस्ता खुला होता. ईडी आणखी एका वर्षासाठी कॉलेजात परतला.

आता पैशांचं. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करता येते. ईडीचे मात्र हात बांधलेले, कारण तो एफ-१ व्हिसावरचा परदेशी विद्यार्थी. पुण्या-मुंबईहून परड्यूला शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. देशातला सर्वांत चर्चेतला कॉलेज खेळाडू, आणि अमेरिकेत काम करून चार डॉलर मिळवायचे तरी व्हिसा आडवा.

[पुन्हा डेट्रॉइट.]

चौथ्या वर्षी तो पुन्हा देशात सर्वोत्तम ठरला. लागोपाठ दोनदा हा मान मिळण्याची गोष्ट राल्फ सॅम्पसननंतर, म्हणजे चाळीसेक वर्षांनी घडत होती. टेनेसीविरुद्ध त्याने ४० गुण आणि १६ रिबाउंड (हुकून उसळलेले चेंडू पकडणं) काढले, आणि १९८० नंतर प्रथमच परड्यू अंतिम चार संघांत पोचलं. ती जाळी याच सामन्याची.

अंतिम सामना ८ एप्रिलला, कनेटिकटशी. त्यांनी फेअरली डिकिन्सनच्या नेमकं उलट केलं. ईडीला घेरलंच नाही. आपला सेंटर डोनोवन क्लिंगन एकटाच अंगावर सोडला आणि बाकीच्यांनी बाहेरचे नेमबाज जखडून ठेवले. परड्यूला तीन गुणांचे फटके मारायला मिळाले जेमतेम सात, पडला एक. ईडीने ३७ गुण केले. अख्ख्या संघाचे ६०. कनेटिकटचे ७५.

दोन डावपेच, दोन्ही त्याच्याभोवतीच आखलेले.

[ब्रुकलिन, जून २०२४. ड्राफ्टची, म्हणजे एनबीए संघांनी नवे खेळाडू निवडण्याची रात्र.]

खेळ संथ आहे, जमाना गेलाय या सेंटरांचा, असं जाणकार म्हणत राहिले. मेम्फिस ग्रिझलीज या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. आता पगार घ्यायला व्हिसाची आडकाठी नव्हती.