आदी हात टेकू नको

(माळेगावची यात्रा. धूळ, घोडे, तंबूची कनात.)

नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव, खंडोबाची यात्रा, थंडी अशी की दात वाजायलेत, आणि तंबूतल्या टॉकीजमधी घोंगडं घेऊन मातीत बसलेलो आम्ही लेकरं. आवाज काय धड ऐकू यायचा नाही. बाजूला जनरेटर धडधडायचं, पलीकडच्या फडातली ढोलकी, वरून भोंगा फाटलेला, त्यामुळं हिरो काय बोलला अन् व्हिलन कुणाला काहून मारतोय ते निम्म्या पब्लिकला कळतच नसायचं, पण कोणी घसरून पडलं की अख्खा तंबू एकदम हसायचा, आणि यात्रेतून परत जाताना लोकं तेवढंच करून दाखवायचे.

तसं ह्या पडून-धडपडून हसवायच्या कॉमेडीचं मूळ पिक्चरमधी नाहीच, तमाशातल्या सोंगाड्यात आहे. दादा कोंडक्यांचा 1971 चा 'सोंगाड्या' बगा, नावातच आलं. दादांचं नाव काढलं की लोकं डबल मीनिंगवरच बोलतात, पण मला इचाराल तर निम्मं काम त्या ढगळ्या हाफ चड्डीचा लोंबता नाडाच करायचा. त्यांच्या 9 पिक्चरची सिल्व्हर ज्युबिली झाली, गिनीज बुकात नोंद आहे.

मग लक्ष्या. गणपतीत भाड्यानं व्हीसीआर यायचा तेव्हा 'झपाटलेला' लावा म्हणून भांडणं व्हायची. 1993 चा पिक्चर, बाहुला रामदास पाध्यांचा. आता बाहुल्याला हलवायला माणसं होती मान्य, पण तो अंगावर आल्यावर झटके कुणाच्या अंगातून येतात? लक्ष्याच्याच. एवढुशा बाहुल्याला पैलवानाचं वजन त्यानं आपल्या अंगानं दिलं. 2004 ला गेला तो, आणि आजबी एसटी स्टँडवर कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर तो चालूच असतो.

आणि आमचे संभाजीनगरचे लक्ष्मण देशपांडे. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा माणूस, 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधी एकटाच 52 पात्रं करायचा. हाताशी एक उपरणं. मान जरा वाकडी केली की म्हातारा, उपरणं डोक्यावर आलं की बाई. भाषा तर अस्सल मराठवाडीच, पण आवाज बंद करून बगा एकदा, कोण बोलतंय ते तरीबी कळतं. (चार्ली चॅप्लिनबी लंडनचाच, वऱ्हाडात खपून गेला असता.)

(जालना. मोंढा. पोत्यांची थप्पी.)

इथं आम्हाला एक हमाल काका भेटले. चाळीसेक वर्षं पोती वाहिली. दुपारी थप्पीला टेकून मोबाईलवर मिस्टर बीन बघतात, आवाज बंद करून, कारण बाकीचे झोपलेले असतात. मिस्टर बीनचे एपिसोड मोजून 15, 1990 ते 95 मधले, काकांचे सगळे पाठ. पण काका नुसतं हसत नाहीत, चुका काढतात. आजकालच्या कॉमेडी शोमधला एक सीन दाखवला तर म्हणाले, "खोटं हाय. पाठीवर वजन असल्यावर माणूस असा पडत नसतो, आदी गुडघ्यात बसतो." चाळीस वर्षं वजनाखाली तोल सांभाळलाय त्यांनी, त्यांना कोण फसवणार?

मग आम्ही त्यांना बस्टर कीटन दाखवला. जुन्या मुक्या पिक्चरमधले जाड्या-रड्या आणि चार्ली आपल्याकडं सगळ्यांना म्हाईत, हा जरा कमी. 1928 चा पिक्चर, वादळ सुटलंय, हा घरापुढं उभा, आणि मागची अख्खी भिंत त्याच्यावर कोसळते, पण वरच्या खिडकीची मोकळी चौकट नेमकी त्याच्या भोवती येते म्हणून हा वाचतो. भिंत खरी होती, वजनदार, ट्रिक नाही काही, थोडं इकडं-तिकडं उभा राहिला असता तर संपलंच होतं. आणि तोंडावरची माशी हालत नाही पठ्ठ्याच्या.

काकांनी तीनदा बघितलं. हसले नाहीत. मग म्हणाले, "ह्याची माय कुठं व्हती रं?"

माय होती की, स्टेजवरच होती. आईबाप दोघंबी नाटकवाले, बाप ह्याला लहानपणी स्टेजवर इकडून तिकडं फेकायचा, तोच त्यांचा आयटम. तिथंच पोरगं शिकलं की पडल्यावर आपण हसलो की पब्लिक हसत नाही, आपण गप राहिलो की हसतं. पुढं 1924 च्या एका शूटिंगला मान मोडली, ते बी कित्येक वर्षांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं.

हे सांगितल्यावर काका बराच वेळ मान चोळत बसले.

(संध्याकाळ. काकांचं घर. आतल्या खोलीत वेचून आणलेल्या कापसाचा ढीग.)

काकांचा नातू रील बनवतो. पाटावर चढायचं, घसरल्यासारखं करायचं आन् कापसावर उताणं पडायचं. आजी दारातून वरडते, कापूस मळतो म्हणून. काका मोबाईल धरून बसलेले, शूटिंग तेच करतात.

"न्हाई," म्हणतात, "आदी हात टेकायलास तू. पडणार हे तुला म्हाईतच न्हाई असं पड."

पोरगं कापूस झटकतं, परत पाटावर चढतं.