समाजशास्त्राचा पहिला पेपर

नमस्कार श्रोतेहो. प्रथम वर्ष कला शाखेच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. आजचं बोलणं आहे ते समाजशास्त्राचा पेपर पहिल्यांदाच देणाऱ्यांसाठी. कॉलेजला जाणाऱ्यांसाठी, तसंच नोकरी-संसार सांभाळून बाहेरून बसणाऱ्यांसाठीही.

हा विषय सोपा म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याच समाजाबद्दल लिहायचं, त्यात अभ्यास कसला! मुलं फसतात ती इथंच. कुटुंबावर प्रश्न आला की 'हल्ली एकत्र कुटुंबं राहिली नाहीत, संस्कार उरले नाहीत' अशी दोन पानं भरून मोकळी होतात. एवढं तर पारावर बसलेलं कुणीही सांगेल. त्यात संकल्पना कुठे आहे, हे तपासणारा शोधत बसतो.

नातेसंबंधांचंच घ्या. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग केले आणि महाराष्ट्राला मध्य विभागात ठेवलं. हे नुसतं घोकलंत तर पेपरच्या सकाळी नक्की उलटसुलट होईल. त्यापेक्षा आपल्याकडची लग्नं आठवा. मुलाला मामाची मुलगी चालते, कित्येक घरांत तर ती हक्कानं मागतात. आत्याची मुलगी म्हटलं की मात्र अनेक जातींत लगेच नकार येतो. उत्तरेत बहुतेक हिंदू जातींना यातलं काहीच चालत नाही. दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी दोन्ही चालतं, शिवाय मामा-भाचीचंही लग्न होतं. आपण मधले कसे, ते आता वेगळं पाठ करायला नको. उत्तरात आधी विभागांची नावं लिहा आणि मग हे उदाहरण द्या.

दर्जा म्हणजे समाजातलं स्थान आणि भूमिका म्हणजे त्या स्थानाकडून अपेक्षित असलेलं वागणं, या प्रकरणाचंही तसंच. जन्मानं मिळतो तो अर्पित दर्जा, स्वतः मिळवलेला तो अर्जित. पुस्तकातलं डॉक्टर-इंजिनिअरचं उदाहरण सगळेच लिहितात. तुम्ही गावच्या सरपंच बाईंचं लिहा. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत 2011 पासून स्त्रियांना 50 टक्के आरक्षण आहे. स्त्री असणं हा अर्पित दर्जा, निवडून येऊन मिळवलेलं सरपंचपद अर्जित. ग्रामसभा आणि घरची पंगत एकाच दिवशी आली, की भूमिका संघर्ष. आणि खुर्चीवर बाईंऐवजी त्यांचे यजमानच बसलेले असतील, तर दर्जा एकीचा आणि भूमिका दुसऱ्याची! त्यावर परिच्छेदभर लिहिता येईल.

काही गोष्टी मात्र पाठच करायच्या, त्याला इलाज नाही. फ्रेंच विचारवंत कॉम्तनं सांगितलेल्या मानवी विचाराच्या तीन अवस्था क्रमानं. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी 1932 च्या पुस्तकात सांगितलेली जातीची सहा वैशिष्ट्यं. सहावं हमखास राहून जातं, म्हणून बोटांवर मोजून म्हणा. गाईड वापरलं तरी चालेल, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त त्यातली उदाहरणं उचलू नका, तीच ती वाचून तपासणारे कंटाळलेले असतात.

आणि टिपांचा प्रश्न शेवटच्या पंधरा मिनिटांवर ठेवू नका. पहिल्या उत्तराला पुरवणीवर पुरवणी जोडणारेच पुढे टिपा अर्धवट सोडतात. नमस्कार.