घोरतोय म्हणून सोडू नका

नमस्कार सोलापूरकर, जेवणं झाली नसतील तर ताट घेऊनच बसा, पण रेडिओचा आवाज जरा वाढवा. आज विषय नशेचा. ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, कोडीनवालं खोकल्याचं औषध, हेरॉईन, सगळी अफूसारखा असर करणारी, एकाच घराण्यातली. डोस जास्त झाला की श्वास मंदावतो आणि माणूस जातो. परत सांगतो, श्वास मंदावतो.

पूर्व भागातल्या एका अक्कांनी सांगितलेलं ऐका. रात्री दोनला नळाला पाणी आलेलं, (उजनी भरली तरी आपण रात्रीच घागरी भरायच्या, हा विषय काढला तर प्रोग्राम इथंच संपेल), तर अक्का पाणी भरतायत आणि शेजारच्या घरातून घोरणं ऐकू येतंय. पोरगा लूमवर कामाला, व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आलेला. वडील म्हणाले, झोपू दे अक्का, किती दिवसांनी गाढ झोपलाय. पण अक्कांना आवाज पटेना, पाणी यायच्या आधी नळ गुरगुरतो ना तसा, आणि मध्येच एकदम बंद. आत जाऊन बघतात तर ओठ निळे, हलवलं तरी उठेना, पापणी वर केली तर बाहुली एकदम बारीक. कोण म्हणतंय कांदा हुंगवा, कोण म्हणतंय लिंबूपाणी पाजा. अक्का ओरडल्या, तोंडात थेंब घालायचा नाही! 108 लावला, दुसऱ्या फोनवर नाईट ड्युटीवरची नर्स सून, ती म्हणाली नाक दाबा, तोंडाने श्वास द्या, पाच सेकंदाला एक. दिला की अक्कांनी! श्वास जरा लागला तसं कुशीवर वळवलं.

दवाखान्यात नॅलॉक्सोनचं, म्हणजे या नशेचा असर उतरवणारं इंजेक्शन दिलं, दोन-तीन मिनिटांत पोरगा उठला आणि उठल्या उठल्या सगळ्यांना शिव्या, कारण नशा एका झटक्यात उतरते. घरचे लगेच घेऊन निघालेले, डॉक्टर आडवे आले. इंजेक्शनचा असर तासाभरात कमी होतो, गोळी अंगात असतेच, श्वास परत मंदावू शकतो.

आता त्या गल्लीत भिशी झाली की बायका एकमेकींना कुशीवर वळवायची प्रॅक्टिस करतात, हसत हसत का होईना. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय ट्रामाडोल देत नाही, 2018 पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, तरी काही ठिकाणी मिळतं ते मिळतंच. आणि केंद्रातून आलेल्या पोरावर लक्ष जास्त, कारण अंगाची नशेची सवय मोडलेली असते, जुना डोस घेतला की तोच जिवावर उठतो. वर दारू असेल तर विचारूच नका.

अमेरिकेत नॅलॉक्सोनचा नाकातला स्प्रे 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, आपल्याकडे दवाखानाच गाठावा लागतो, म्हणून उशीर नको. आणि पोराला घरातून हाकला म्हणणारे काका मला अजिबात पटत नाहीत, एकटा पडला तर त्याचं घोरणं ऐकणार कोण?

नंबर लिहून घ्या. कोणी उठत नसेल तर 108. व्यसन सोडायचंय, तर 14446, फुकट आहे. परत सांगतो, एक चार चार चार सहा.