तीन लिटर ऑइल आणि एक बेअरिंग

बोलायला सुरुवात करण्याआधी ही एक वस्तू तुमच्याकडे देतो. पहिल्या रांगेपासून हातोहात मागे जाऊ द्या. अर्ध्या बांगडीसारखा हा पातळ पत्रा म्हणजे पिस्टनचा जोर खाली पोचवणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची एक बाजू. वरचा राखाडी थर पार घासून गेलाय, खालचं तांबं दिसतंय. नख फिरवून बघा, ओरखडे लागतील. हे निघालं 1,000 सीसीच्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनातून. मालक मला म्हणाले, "छोटंच इंजिन ते, किती टिकणार?" हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण दोष इंजिनाचा नसतो.

छोटं इंजिन कच्चं असतं असा समज आहे. माझ्या मते त्याच्या गाठीशी शिल्लक कमी असते, एवढाच काय तो फरक. अशा इंजिनात ऑइल मावतं साधारण तीन, साडेतीन लिटर. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास असतं. म्हणजे पातळी खालच्या खुणेला टेकली की जवळजवळ एक तृतीयांश ऑइल गेलेलं असतं. उरलेल्या दोन लिटरांना उष्णता तेवढीच वाहायची, काजळी तेवढीच सांभाळायची. सहा-सात लिटर ऑइलच्या मोठ्या इंजिनात लिटरभर कमी झालं तरी ते निभावून नेतं. इथे तशी सवलत नाही.

आता हे ऑइल करतं काय, ते बघा. इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर चाललंय, म्हणजे सेकंदाला 50. प्रत्येक पिस्टन सेकंदात 50 वेळा वर जातो, 50 वेळा खाली येतो, आणि तो सगळा धक्का तुमच्या हातातल्या त्या पत्र्यावर येतो. तरीही सगळं ठीक असेल तर क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा दांडा, त्या पत्र्याला शिवतसुद्धा नाही. दोघांच्या मध्ये ऑइलचा केसापेक्षा कितीतरी पातळ पापुद्रा असतो आणि क्रँक त्यावर तरंगतो. गाडी लाखो किलोमीटर चालते ती त्या पापुद्र्याच्या जिवावर.

या गाडीत काय झालं होतं? ऑइल थोडं थोडं जळत होतं आणि बॉनेट कुणी उघडत नव्हतं. मग वळणावर ऑइलचा दिवा क्षणभर लागायचा आणि विझायचा. मालकांना वाटलं, वायर सैल असेल. पण वळताना चेंबरमधलं उरलेलं ऑइल एका बाजूला सरकायचं, पंप हवा ओढायचा आणि तेवढा वेळ बेअरिंग कोरडं फिरायचं. एक गोष्ट मनात पक्की करा, तो लाल दिवा ऑइलच्या दाबाचा असतो. तो लागतो तेव्हा पातळी कधीच उतरून गेलेली असू शकते. दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. 'घर जवळच आहे' म्हणून पुढे नेलेल्या दोन किलोमीटरांत इंजिन बांधायला आलेलं मी पाहिलंय.

"माझी गाडी फार चालतच नाही, मग ऑइल कशाला बदलू?" असंही विचारतात. या प्रश्नाला मी जरा वेळ देणार आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, त्याचंच ते पाणी. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं. थंड इंजिनात त्यातलं काही पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली उतरतं, सोबत न जळलेलं पेट्रोलही नेतं, आणि दोन्ही ऑइलमध्ये मिसळतात. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडी कधी नीट तापतच नाही. तापमानाचा काटा मध्यावर आला तरी फसू नका, ऑइल हे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटपेक्षा उशिरा तापतं. अशा गाडीचं ऑइल किलोमीटरवर न मोजता महिन्यांवर मोजून बदला, आणि मधूनमधून तिला अर्धा-पाऊण तास सलग चालवा. सकाळी उभ्या उभ्या दहा मिनिटं तापवू नका. काही सेकंद थांबून निघा आणि पहिले काही किलोमीटर रेस जपून द्या.

ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर आधी याच ओलाव्याचा संशय घ्या. त्याबरोबर कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील, तपासायलाच हवं.

कूलंटवरून आठवलं. माझीच गाडी गरम व्हायला लागली तेव्हा एका गॅरेजात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला. "आता कधी तापणार नाही," असं सांगितलं आणि मीही मान डोलावली. तेव्हा मला हे काम येत नव्हतं. गाडी खरंच तापेना. पण एका हिवाळ्यात पेट्रोल जास्त लागू लागलं, प्लग काळे पडले, डिपस्टिक हुंगली तर पेट्रोलचा वास. इंजिन सारखं थंड राहिल्यामुळे कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत होता. मूळ दुखणं निघालं रेडिएटरच्या झाकणात. ते झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट 100 अंशांवर उकळत नाही. त्याचं रबर गेलं होतं.

प्लग आणि एअर फिल्टर यांबद्दल फार सांगत नाही, ते पुस्तिकेतल्या मुदतीप्रमाणे बदलले की पुरे. टायमिंग चेनबद्दल, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणाऱ्या साखळीबद्दल, मात्र सांगतो. "चेन आहे, तिला काही होत नाही" हे अर्धं खरं आहे. बहुतेक इंजिनांत चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि चेनचे सांधे त्याच ऑइलवर जगतात. ऑइल जुनं झालं की सांधे झिजतात, चेन लांबते. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन सेकंद खडखड ऐकू आली तर ती चेन असू शकते, लगेच दाखवा. चेन दात सोडून घसरली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

बेअरिंग शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं का? बरं. आता बाहेर गाडी उभी आहे, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाली आहेत, सपाट जागा आहे. डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग वाचायची. चला, प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.