‘खो’ मिळेपर्यंत बसून राहणं

दहावीचं वर्ष लागलं की ठाण्यात काय होतं, ते इथे बसलेल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे. क्लास वाढतात, मैदान सुटतं. शाळेतही पीटीचा तास गणिताचे सर मागून घेतात. जितका वेळ बाकावर तितके मार्क, असा आपला साधा हिशेब. हाच हिशेब कॅनडात, क्वेबेकमधल्या त्र्वा-रिव्हियेर इथे, १९७०च्या दशकात तपासून झाला. प्राथमिक शाळेतल्या मुलांना रोज तासभर शारीरिक शिक्षण दिलं आणि त्यासाठी बाकी विषयांचा वेळ १३-१४ टक्क्यांनी कापला. मार्क घसरले नाहीत.

व्यायामाने मूल हुशार होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. सुधारतं ते स्वतःला आवरणं. समजा पडद्यावर पाच बाण दिसतात. मधला डावीकडे, बाकीचे चार उजवीकडे. मधल्या बाणाची दिशा सांगायची. बोट उजवीकडे जायला बघतं, ते अडवावं लागतं. गणितात वजाबाकीचं चिन्ह दिसूनही सवयीने बेरीज करणारं मूल इथेच घसरतं. २००९मध्ये इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांच्या गटाने नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ट्रेडमिलवर २० मिनिटं चालवलं आणि नाडी पुन्हा शांत झाल्यावर अशी चाचणी घेतली. नुसतं बसून राहिल्यानंतरच्या तुलनेत उत्तरं जास्त अचूक आली. वाचून समजण्यातही फरक दिसला. हे झालं एका फेरीचं, आणि तो परिणाम तात्पुरता असतो. पुढे २०१४मध्ये त्याच गटाने ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. शाळा सुटल्यावर खेळ, नऊ महिने. ज्यांची हजेरी जास्त, त्यांना फायदा जास्त.

आता खो-खो बघा. आठ जण पाटीवर बसलेले, एकाआड एक तोंडं उलट्या दिशांना. गडी अगदी नाकासमोरून पळतो, हात लावण्याइतका जवळ. तरी पाठीमागून ‘खो’ मिळेपर्यंत उठायचं नाही. उठलात की फाऊल. मिळाल्यावर तोंड ज्या बाजूला, त्याच बाजूला सुटायचं. एकदा दिशा धरली की मध्येच वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. म्हणजे कोण कुठे तोंड करून बसलंय हे डोक्यात ठेवून, मोह आवरून, जीव खाऊन पळायचं. बाणांच्या चाचणीत जे मोजतात ते सगळं यात आहे, वर घाम फुकट. नुसत्या मैदानाच्या फेऱ्यांपेक्षा असे खेळ मला जास्त मोलाचे वाटतात.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं सांगते, त्यातले आठवड्यातून किमान तीन दिवस जोरकस. पण ही मिनिटं हालचालीची. क्रिकेट कोचिंगचे दोन तास म्हणजे दोन तास व्यायाम नव्हे. नेटमध्ये पाळीची वाट बघत पोरगं उभंच असतं. मध्यम जोराच्या हालचालीची खूण सोपी: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. किंवा थांबल्या थांबल्या १५ सेकंद नाडी मोजा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलात ३२ ते ३७ ठोके आले की पुरे.

जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, म्हणून पीटी बंद, हे कारण मला पटत नाही. शाळेचा व्हरांडा किंवा सोसायटीचं पार्किंग चालतं. दोन मिनिटं जागेवर चालून अंग गरम करा. मग ४० सेकंद दोरीउड्या, २० सेकंद दम, अशा सहा फेऱ्या. शेवटी सहा सूर्यनमस्कार सावकाश. साधारण बारा मिनिटांत आटपतं. लादी ओली असेल तर दोरी नको. पाय घसरून घोटा मुरगळतो.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पहाटे पाचची प्रॅक्टिस आणि रात्री बारापर्यंत अभ्यास. झोप कापून केलेला व्यायाम वर्गात जांभया देतो. दुसरं, ऑक्टोबरच्या उन्हात दमेपर्यंत पळवून लगेच पेपर. दमलेलं, तहानलेलं डोकं चालत नाही. खेळ आणि अभ्यासात दहा-पंधरा मिनिटं आणि एक पेला पाणी असू द्या.

शिक्षकांना एक विनंती. पीटीचा तास दिवसाच्या शेवटी ढकलू नका, गणिताच्या आधी ठेवून बघा. मुलं घामेजून वर्गात आली तर पंखा पाचवर करा.